आखाजी ते आखाजी

घरखर्चाच्या छापील वहीत दर महिन्याला एक पान असतं, वर जमा आणि खाली खर्च. महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्या घरात ही मांडणी चालून जाते. चोपडा, पारोळा किंवा शिंदखेड्याच्या कपाशीवाल्या घरात मात्र पैसा येतो तो दसरा-दिवाळीपासून हिवाळा सरेपर्यंत. मग पुढच्या वेचणीपर्यंत जमेची बाजू कोरी आणि खर्च बाराही महिने. तरी सल्ला तोच मिळतो: पगारातले 20 टक्के दरमहा बाजूला टाका. कुठला पगार?

खानदेशाचं जुनं आर्थिक वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बदलतं. बऱ्याच गावांत सालदाराचं साल तेव्हाच संपतं आणि नवा सौदा ठरतो. घरातली मोठी खरेदीही उन्हाळ्यातलीच: गहू, दादर ज्वारी, तूरडाळ, मसाल्याची मिरची. त्याच उन्हात उडदाचे पापड, बिबडे, कुरडया वाळतात. धान्याला एरंडेल चोळायचं, कोठीत कडुलिंबाचा पाला घालायचा. वर्षभराचं जेवण आधी कोठीत जायचं आणि उरलेल्या पैशांत बाकीचं भागवायचं. हे अंदाजपत्रकच होतं, कागदावर नव्हतं एवढंच.

आता कोठीबाहेरचं खाणं वाढलंय. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती खर्च पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातला माणशी मासिक खर्च 4,122 रुपये निघाला. त्यात तृणधान्यांचा वाटा सुमारे 5 टक्के, तर चहा, नाश्ता, फरसाण, तयार पदार्थांचा जवळपास 10 टक्के. गव्हाच्या भावावर घासाघीस करणारं घर स्टँडवरच्या चहा-भज्यांचा हिशेब ठेवत नाही. गळती बहुतेक वेळा तिथेच सापडते.

शेतकऱ्याच्या घरात दुसरी अडचण याहून मोठी आहे. घराचा आणि शेताचा खिसा एकच. जूनमध्ये पोरांची फी, वह्या, गणवेश आणि नेमकी तेव्हाच पेरणी. बीटी कपाशीच्या पाकिटाची 2025 ची कमाल किंमत 901 रुपये. एकरी दोन धरली, तर पाच एकरांना 9,010 रुपये नुसत्या बियाण्याचे. खत, मजुरी वेगळी. दप्तराचे पैसे युरियात जातात, मग किराणा उधारीवर आणि वायदा एकच: कापूस निघाला की देऊ. म्हणून वह्या दोन हव्यात. कापसाच्या पहिल्या पट्टीतूनच घरासाठीची रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी आणि पेरणीला तिच्याकडे पाहू नये. सांगायला सोपं आहे, पाऊस लांबला की फार अवघड.

जमा किती धरायची, हा आणखी एक सापळा. 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला 10 हजारांच्या वर गेला. तो भाव पुन्हा येईल म्हणून पुढच्या हंगामात खानदेशातल्या कित्येक घरांनी ओसरी आणि खोल्या भरून कापूस ठेवला. अंगाला खाज सुटली, भाव आला नाही. लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव 8,110 रुपये आहे. वीस क्विंटलवाल्याने 10 हजारांचं स्वप्न वहीत लिहिलं, तर 37,800 रुपयांचा खड्डा पहिल्याच पानावर पडतो. व्यापारी हमीभावाच्याही खाली बोलतो, तेव्हा घरखर्चासाठी आकडा त्याहून कमी धरलेलाच बरा.

धुळ्यात पगारावर चालणाऱ्या घरालाही हा वर्षाचा हिशेब उपयोगी पडतो. समजा, शाळेची फी 18 हजार, वर्षाचं धान्य 15, दिवाळी 12, विमा 9 आणि लग्नसराईतले आहेर 6 हजार. एकूण 60 हजार. यातला एकही खर्च अचानक येत नाही, तरी दर वेळी तो ‘मध्येच उपटला’ म्हणून उसनवारी होते. बाराने भागलं, की महिन्याला 5 हजार. ते पगाराच्या दिवशीच बाजूला निघाले, तर महिन्याचं पान खरं बोलू लागतं.

बायकांनी ही युक्ती भिशीत केव्हाच बसवलीय. बारा जणी, हजार-हजार रुपये, दर महिन्याला एकीला बारा हजार. व्याज शून्य, पण हप्ता चुकवला तर गल्लीत तोंड दाखवायची चोरी, आणि ही भीती बँकेच्या आवर्ती ठेवीत नसते. अडचण चिठ्ठीची: फी जूनमध्ये आणि नंबर फेब्रुवारीत. काही गट गरजेप्रमाणे पाळी ठरवून घेतात, ते जास्त शहाणपणाचं.

बाजूला काढलेला पैसा ठेवायचा कुठे? सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावात उत्तर ठरलेलं असतं. पण जूनच्या फीसाठी अंगठी मोडली, तर घडणावळ वाया जाते. जास्त व्याजासाठी पतसंस्थेकडे पावलं वळतात. बँकेतल्या, सहकारी बँकेतल्याही ठेवीला 2020 पासून ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पतसंस्थांत पैसे अडकलेल्या जळगाव जिल्ह्यातल्या जुन्या ठेवीदारांना हे वेगळं सांगावं लागत नाही.