जुनी शाळा, नवे बांधकाम

शाहूपुरी ते भवानी मंडप

• कोल्हापुरातील शाहूपुरी ही व्यापारपेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसविली.

• भवानी मंडपालगतच्या ज्या दगडी वास्तूत पूर्वी, १८७० साली फ्लॉरेन्स येथे निवर्तलेल्या छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाचे महाविद्यालय भरत असे, तेथेच आज जिल्हा परिषदेचे मेन राजाराम हायस्कूल भरते.

• अशा जुन्या इमारतीची दुरुस्ती म्हणजे झीज भरून काढणे. नूतनीकरण म्हणजे वीज, पाणी, स्वच्छतागृहे कालानुरूप करणे. विस्तारात मात्र बांधीव क्षेत्र वाढते, सबब नव्या नकाशास मंजुरी लागते.

• महापालिका हद्दीत ३० वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक.

• चुन्यातील जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविल्यास ओल आतच कोंडते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तेथे चुन्याचाच गिलावा योग्य.