माणदेशातली पंगत

गोंदवल्याला जाऊन आलेला माणूस आधी आमटीबद्दल बोलतो, मग समाधीबद्दल. कुणाला हे खटकेल, पण मी ज्यांना विचारलं त्यांच्यात अपवाद सापडला नाही. चिंच-गूळ लागलेली, पातळ, वाफाळती आमटी. घरी करून बघणाऱ्या बायकांचं एकमत असं की डाळ तीच, मसाला तोच, तरी ती चव म्हणून येत नाही. ‘तिथे नाम घेत करतात ना!’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. भल्यामोठ्या पातेल्यात उकळलेली डाळ आणि रांगेत उभं राहून सडकून लागलेली भूक यांचाही त्यात थोडा वाटा असावा, असं मी एकदा बोलून पाहिलं. कुणी दाद दिली नाही.

सातारा-पंढरपूर रस्त्यावर कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी मागे टाकली की रस्त्यालगतच गोंदवले बुद्रुक लागतं. महाबळेश्वर ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्याचं हे दुसरं टोक. तिकडे पावसाने भिंतींना शेवाळ धरतं आणि इकडे बोडके डोंगर, बाभळी, मेंढरांचे कळप आणि बहुतेक वर्षं कोरडी पडलेली माणगंगा. अलीकडे उरमोडीचं, जिहे-कठापूर योजनेचं पाणी या भागाकडे वळवलंय, त्यामुळे रस्त्याकडेला मधूनच उसाचा एखादा फड दिसतो आणि तो इथला वाटतच नाही. ‘माण’ म्हटलं की दुष्काळ, हे समीकरण अजून लोकांच्या डोक्यातून गेलेलं नाही. गोंदवल्याची पंगत समजून घ्यायची तर आधी हा मुलूख बघावा लागतो.

ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांचं चरित्र निम्म्या महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, तेव्हा थोडक्यात उरकते. गावच्या कुलकर्ण्यांच्या, घुगरदरे घराण्यात 1845 साली माघ शुद्ध द्वादशीला जन्म, नाव गणपती. लहानपणीच गुरूच्या शोधात घर सोडलं, पुष्कळ हिंडले आणि मराठवाड्यातल्या येहळेगावच्या तुकामाईंपाशी स्थिरावले. तुकामाईंनी अनुग्रह दिला आणि शिष्याला मठ-गुहा न दाखवता घरी पाठवलं. संसारात राहून रामनाम वाढव म्हणाले. पहिली पत्नी गेल्यावर महाराजांनी आटपाडीच्या देशपांड्यांच्या अंध मुलीशी लग्न केलं. त्याच पुढे साऱ्यांच्या आईसाहेब झाल्या. 22 डिसेंबर 1913, मार्गशीर्ष वद्य दशमी, या दिवशी महाराजांनी गोंदवल्यातच देह ठेवला.

इथपर्यंत पुस्तकातलं. मला खरी माहिती मिळाली ती भोजनगृहाबाहेर, कठड्याला टेकून उभ्या असलेल्या एका आजोबांकडून. सांगली भागातले, एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर अधूनमधून येतात, चार-आठ दिवस राहतात आणि पंगतीला वाढतात. नाव छापू नका म्हणाले. सेवा करायची आणि नाव लावायचं, हे त्यांना पटत नाही.

त्यांचं वाढणं बघण्यासारखं आहे. उपरणं कमरेला घट्ट खोचलेलं, डाव्या हातात आमटीची बादली, उजव्या हातात वगराळं. वगराळं बादलीत तळापर्यंत जातं, एकदा फिरतं आणि मगच वर येतं, म्हणजे पहिल्याला नुसतं पाणी आणि शेवटच्याला नुसती डाळ असं होत नाही. भातावर ओतताना हात ताटाच्या इतका जवळ, की शेजारच्याच्या ताटात शिंतोडा जात नाही. आणि मान कायम खाली.

“वर का बघत नाही?” मी विचारलं.

“ताई, तोंड बघून वाढायचं नाही. तोंड बघितलं की हात बदलतो. वळखीचा निघाला, चांगल्या कपड्यातला निघाला, की वगराळं आपोआप भरून येतं. आपण फक्त ताट बघायचं.”

दुसरी फेरी ते पंगतीच्या शेवटच्या टोकाकडून सुरू करतात. पहिल्या फेरीत ज्याला सगळ्यात उशिरा मिळालं त्याला आता सगळ्यात आधी. हा कुणाचा नियम, विचारल्यावर म्हणाले, “माझाच. गाडीत मागच्या शिटावरचा माणूस कायम शेवटी राहतो. तिकीट शेवटी, सुट्टे पैशे शेवटी, उतरायला पण शेवटी. तीस वर्षं बघितलंय.” तेवढ्यात आतून ‘श्रीराम!’ अशी हाक आली आणि ते बोलणं अर्धं टाकून गेले. इथे हाक मारायची, ओ द्यायची, वाट मागायची, नको म्हणायचं, सगळं याच एका शब्दावर चालतं.

दुपारची पंगत आणि रात्रीची पंगत, आल्या-गेल्याला पोटभर जेवण. जात, गाव, देणगीची पावती कुणी विचारत नाही. महाराजांच्या शिकवणीत नामाखालोखाल अन्नदान येतं आणि त्यामागे या मातीचा इतिहास आहे. 1876च्या मोठ्या दुष्काळात माणदेशातली माणसं देशोधडीला लागली. तेव्हा महाराजांनी आपल्या शेतावर कामं काढली, ही गोष्ट इथे कुणीही सांगतं. काम काय, तर इथली माती उकरायची आणि तिकडे नेऊन टाकायची. शेताला त्याची गरज होती असं नाही. माणसाला भीक घेतल्यासारखं वाटू नये म्हणून ते काम. दिवस मावळला की भाकरी. मला ही गोष्ट ज्या शेतकऱ्याने सांगितली तो शेवटी डोळे मिचकावत म्हणाला, “रोजगार हमी म्हाराजांनी शंभर वर्षं आधी चालू केली बघा. सरकारला उशिरा कळलं.” रोजगार हमीचे जनक वि. स. पागे शेजारच्याच सांगली जिल्ह्यातले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असल्याचं मी म्हणत नाही, पण दुष्काळी मुलखातल्या माणसाला ती कल्पना सुचावी यात नवल नाही.

दुसरी गोष्ट गाईंची. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरे. तिथे कसायाच्या हाती निघालेल्या गाई महाराज पैसे मोजून सोडवून आणत, अशी कथा. त्या गाई गोंदवल्याच्या गोठ्यात येत. खरेदी करताना भाकड-दुभती असा भेद नव्हता, हे सांगताना सांगणाऱ्याचा आवाज थोडा चढतो. याच म्हसवडला 2012-13च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशनने मोठी चारा छावणी चालवली आणि आसपासच्या गावांतली माणसं जनावरांसकट तिथे महिनोन्महिने राहिली. दावणीची जनावरं विकायची की जगवायची, हा प्रश्न माणदेशात फार जुना आहे.

समाधी गोठ्याच्याच जागी आहे. वर गोपालकृष्णाचं मंदिर आणि खाली तळघरात समाधी. पायऱ्या उतरून गेलं की आपोआप आवाज खाली येतो. तिथे पूजा-आरत्या होतात, पण मुख्य काम चालतं ते भिंतीला टेकून बसलेल्या माणसांचं. तेरा अक्षरांचा राममंत्र, हातात तुळशीची माळ किंवा बोटात अंगठीसारखं अडकवलेलं, बटण दाबून आकडा वाढवणारं छोटं यंत्र. माझ्या शेजारच्या बाईंकडे जपाची वही होती. रोजची तारीख, पुढे आकडा, महिन्याच्या शेवटी बेरीज. काही तारखांपुढे आकड्याऐवजी नुसती रेघ. चुकलेला दिवस त्यांनी लपवला नव्हता, हे मला आवडलं.

बाई गदगकडच्या निघाल्या. मराठी मोडकं, पण गोंदवल्यापुरतं पुरेसं. महाराजांचे पट्टशिष्य ब्रह्मानंद महाराज गदग भागातले, त्यामुळे कर्नाटकातून येणाऱ्यांचा ओघ कधी आटला नाही. भक्तनिवासाच्या ओसरीवर कानडी आणि मराठी इतकी मिसळून ऐकू येते की सीमाप्रश्नावर बोलणाऱ्यांनी इथे एक रात्र काढायला हरकत नाही.

शिकवण म्हणाल तर सोपी, म्हणजे सांगायला सोपी. नाम घ्यायला सोवळं-ओवळं, आसन, मुहूर्त काही लागत नाही. प्रपंच सोडायचा नाही, त्यातलं मीपण तेवढं सोडायचं. करणारा राम आहे, ही जाणीव ठेवायची. नामाच्या बदल्यात नोकरी, मूल, खटल्याचा निकाल असलं काही मागायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड असावं, कारण बाहेरच्या ओळीत माझ्या पुढे उभ्या असलेल्या दोघांचं बोलणं मुलाच्या व्हिसाभोवतीच फिरत होतं. गो. सी. गोखल्यांनी संकलित केलेली महाराजांची प्रवचनं तारखेवार आहेत, रोज एक पान. ते पान हल्ली सकाळी सहाच्या आत मोबाइलवर येऊन पडतं. किती जण वाचतात आणि किती जण नुसतं पुढे ढकलतात, हे रामालाच ठाऊक. सविस्तर चरित्र वाचायचं तर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक के. वि. बेलसरे यांचं पुस्तक आहेच.

आता थोडी कुरकुर. समाधी मंदिर रस्त्यालगत, तिथे स्वच्छता, शिस्त, राहण्याची सोय, सगळं चोख. पण महाराज गावात ज्या थोरल्या राममंदिरात वावरले आणि मग माणसं वाढल्यावर ज्या धाकट्या राममंदिराची भर पडली, तिकडे जाणारे कमी. महाराजांचा राम तर तिथे आहे! शनिवार-रविवारी सकाळी गाड्या येतात, समाधीचं दर्शन, प्रसाद, मग शिखर शिंगणापूर नाहीतर म्हसवड, आणि रात्री घरी. गावातल्या जुन्या माळवदाच्या घरांपैकी काही पडली, काही पाडली. रस्त्याच्या बाजूला लॉज, हॉटेलं आणि पार्किंगच्या पाट्या. गावाला त्यातून दोन पैसे मिळतात आणि दुष्काळी गावाने ते का घेऊ नयेत? तरी धाकट्या रामाच्या गल्लीत ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या आजी म्हणाल्या ते ऐकून घ्यावं लागलं: “लोकं येत्यात, पन मला इचारत्यात काय, तर संडास कुठंय. रामाचं कुनी इचारत न्हाई.”

या आजींना उत्सवाचे दिवस मात्र मनापासून आवडतात. मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेला कोठीचं पूजन होतं. देवाच्या आधी धान्याच्या कोठाराची पूजा करून उत्सव सुरू करणारं संस्थान माझ्या पाहण्यात दुसरं नाही. तिथून दहा दिवस अखंड नाम; ठरलेल्या वेळी पहाऱ्याला उभं राहायचं आणि पुढचा माणूस आला की त्याच्या हाती वीणा देऊन बाजूला व्हायचं. भाजी निवडायला बायकांचे घोळके बसतात. त्यात डॉक्टरीणबाई असतात आणि गावातल्या शेतमजूर बायकाही. भेंडी चिरायला कुणाला येतं एवढंच बघतात. दशमीला पहाटे पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी, महाराजांनी देह ठेवला त्या घटकेला, गुलाल आणि फुलं वाहतात. त्या पहाटे पाय ठेवायला जागा नसते.

गर्दी सोसत नसेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं. साताऱ्याहून आणि पंढरपूरहून एसटी आहेत. स्वतःची गाडी नेलीत तर थोरल्या रामाकडे जाताना ती मोठ्या रस्त्यालाच सोडा. आतल्या गल्लीत वळवायला जागा नाही, आणि अडकलात तर ‘घ्या, घ्या, अजून घ्या मागं’ म्हणणारी पोरं दहा भेटतील, ट्रॅक्टर बाजूला घेणारा कुणी भेटायचा नाही.