दागिन्याची उलटी बाजू

जयपूरच्या जौहरी बाजारालगतच्या गल्लीत मीनाकाराशेजारी बसून काम पाहिलं, तेव्हा आधी डोळ्यांत भरलं ते रंग तयार करणं. मीना म्हणजे काच. निळ्यासाठी तिच्यात कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबं. काचेचे तुकडे खलात घोटायचे आणि पूड पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची. धुण्यात कसूर झाली, तर भाजल्यावर रंग गढूळ दिसतो.

सोन्यावर नक्षी आधीच खोदलेली असते. खळग्यांच्या तळाशी बारीक, समांतर रेघा ओढतात. त्यांच्यामुळे काचेला पकड मिळते आणि आत शिरलेला उजेड उसळून बाहेर येतो. पारदर्शक हिरव्याला खोली येते ती याच रेघांमुळे.

ओली पूड सळईने भरून, पाणी टिपून दागिना भट्टीत जातो. साधारण 750 ते 850 अंश सेल्सिअसला काच वितळते. शुद्ध सोनं 1064 अंशांपर्यंत टिकतं, चांदी 962 पर्यंतच. म्हणून चांदीवर हात जास्त सांभाळावा लागतो. खरी कसोटी क्रमाची. जास्त आच सोसणारा पांढरा आधी, मग निळा, हिरवा आणि नाजूक लाल शेवटी. लाल आधी लावला, तर पुढच्या भाजण्यांत तो बिघडतो. कारागीर भट्टीवरून नजर हलवत नाही. पूड आधी दाणेदार दिसते, मग संत्र्याच्या सालीसारखी, आणि मग एकाएकी चकाकते. त्याच क्षणी दागिना बाहेर. त्यानंतर दगडाने घासणं आणि झिलई.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस आमेरच्या राजा मानसिंगाने लाहोरहून मीनाकार आणले, असं परंपरा सांगते. पुढे कुंदनाच्या दागिन्यात रत्नं दर्शनी बाजूला आणि मीना मागे, अशी रीत रुजली. मऊ सोन्याची अंगाला घासून होणारी झीज काच थोपवते. पण तेवढ्यासाठी एकरंगी थरही पुरला असता. तिथे पक्षी आणि फुलं उमलवणाऱ्या या कारागिरांबद्दल मला नितांत आदर वाटतो. कारण ही नक्षी बहुतेक वेळा फक्त दागिना घालणाऱ्यालाच ठाऊक असते.

आज न भाजता नुसता वाळवलेला राळेचा रंगही मीना म्हणून विकला जातो. म्हणून दागिना घेताना तो उलटा करा, उजेडात तिरपा धरा. पारदर्शक रंगाखाली खोदलेल्या रेघा शोधा आणि रंग भट्टीत भाजलेत का, हे स्पष्ट विचारा. उत्तर होकारार्थी असेल, तर भाव करताना सोन्याच्या वजनाबरोबर त्या प्रत्येक भाजणीचंही मोल द्या.