खाऱ्या हवेतली गाडी आणि वॉरंटीनंतरचे बिल

देवबाग अरबी समुद्र आणि कर्ली नदीमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. गाडीच्या वायरिंगला इथे दोन्हीकडून खारी हवा लागते. मिठाचा थर ओलावा धरून ठेवतो; कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, अर्थिंगचे जोड गंजतात, विजेला होणारा रोध वाढतो. मग दिवे मंदावतात, सेन्सर चुकीचे संकेत देतात. वॉरंटी संपल्यावर अशा वेळी अख्खे वायरिंग किंवा ईसीयू (इंजिनचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण युनिट) बदलण्याचा सल्ला मिळाला, तर घाईने होकार देऊ नये. स्कॅनरवरचा कोड बहुतेकदा बिघाड कोणत्या सर्किटमध्ये आहे एवढेच सांगतो. नेमका कोणता भाग गेला, ते मल्टिमीटरने शोधावे लागते. आधी बॅटरी पाहावी: इंजिन बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट, चालू असताना साधारण 14. त्यानंतर फ्यूज, अर्थिंग, कनेक्टर. हे काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन करू शकतो आणि पुष्कळदा साफसफाईवरच भागते.

भाग बदलायचाच असेल, तर लेखी अंदाजपत्रक आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा. दुरुस्ती सदोष निघाल्यास 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा वॉरंटीनंतरही लागू होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षे.