विद्यामंदिर की मौनमंदिर?

१८८२ साली टिळक व आगरकर यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले ते आपल्या कोल्हापूरच्याच प्रकरणापायी, हे हातकणंगल्याच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. करवीरच्या तरुण महाराजांचा कारभाऱ्यांकडून छळ होतो, असे मानून त्यांनी जे लिहिले त्याच्या आधाराची पत्रे बनावट निघाली आणि अब्रूनुकसानीबद्दल दोघांस शिक्षा झाली. परंतु या तुरुंगवासातील एक गोष्ट आज विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. समाजसुधारणा आधी की राज्यसुधारणा आधी, या प्रश्नावर या दोघा मित्रांचे तेथे कडाक्याचे वाद होत. संकट एक होते, ध्येय एक होते, पण मते एक नव्हती; आणि मते एक नाहीत म्हणून कोणी कोणास देशद्रोही ठरविले नाही.

पुढे १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले. टिळक तेथे गणित शिकवीत व आगरकर इतिहास आणि तर्कशास्त्र. १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढले. मग एकाच कॉलेजातील दोन अध्यापक दोन पत्रांतून एकमेकांवर तुटून पडत आहेत, हा देखावा पुण्याने पाहिला. त्यांच्या लेखण्या सौम्य नव्हत्या व मनेही दुखावली गेली. तथापि टिळकांनी १८९० साली संस्था सोडली ती मुख्यतः आजीव सभासदांच्या बाहेरील मिळकतीच्या वादावरून; त्यांच्या किंवा आगरकरांच्या सामाजिक मतांसाठी कोणासही दार दाखविण्यात आले नव्हते. ज्या आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यापर्यंत सनातन्यांची मजल गेली, तेच आगरकर १८९२ साली त्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. शहरास जे मत पचत नव्हते, ते कॉलेजास पचविता आले. कॉलेज आणि शहर यांत काही फरक असावयाचा, तर तो हाच होय.

परंतु ही शिस्त सुधारकांसही नेहमी पाळता येते असे नाही. १९०५ साली परदेशी कपड्यांच्या होळीबद्दल त्याच फर्ग्युसन कॉलेजाने विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्यास १० रुपये दंड करून वसतिगृहातून काढून टाकले. त्या वेळी प्रिन्सिपॉल होते रँग्लर परांजपे. म्हणजे कोणी कर्मठ शास्त्री नव्हेत, तर बुद्धिवादाचे कैवारी! दंडाने तो विद्यार्थी गप्प बसला काय? उलट त्याचे नाव घरोघर गेले. ज्यास मत खोडता येत नाही तो मत मांडणाऱ्यास दंड करतो, आणि दंडाची पावती ही प्रतिपक्षाची जाहिरात ठरते.

हे जुन्या काळचे झाले. आमच्या काळात दंडाची जागा दगडाने आणि दगडाची जागा गोळीने घेतली. ५ जानेवारी २००४ रोजी एका परदेशी ग्रंथकाराच्या पुस्तकावरील रागापोटी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, आणि ज्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेथील ग्रंथ व पोथ्या यांची नासधूस झाली. पुस्तक लिहिणारा दूर राहिला. घाव बसला तो आपल्याच पूर्वजांच्या ठेव्यावर! १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तिकेचे कर्ते अॅड. गोविंद पानसरे यांजवर गोळ्या झाडल्या गेल्या व चार दिवसांनी ते निवर्तले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडास वचनवाङ्मयाचे व शिलालेखांचे अभ्यासक प्रा. कलबुर्गी यांची त्यांच्या घरी हत्या झाली. सावरकरांचा पक्ष एक, पानसऱ्यांचा त्याच्या अगदी उलट. आम्ही येथे कोणत्याही पक्षाचे वकीलपत्र घेतलेले नाही. आम्हांस इतकेच म्हणावयाचे आहे, की जो न्याय एकास लागू तोच दुसऱ्यासही लागू असला पाहिजे.

यावर कोणी व्यापारी गृहस्थ म्हणतील, “आम्ही मुलास रोज सकाळी गाडीने कोल्हापुरास किंवा सांगलीस धाडतो ते पदवीसाठी, वाद घालावयास नव्हे.” त्यांस आमचा नम्र प्रश्न असा, की आपण खतावणीत केवळ जमेचीच बाजू लिहिता काय? नावेची बाजू न पाहता पेढी चालविणाऱ्याचे दिवाळे वाजते, हे आपणांहून अधिक कोण जाणतो? इतिहास, तत्त्वज्ञान, वाङ्मय ही शास्त्रे म्हणजे मनुष्यजातीची खतावणीच होय. ती एका बाजूने वाचावयाची तर न वाचलेली बरी.

ही काही विलायतेहून आणलेली चाल नव्हे. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडावयाचे आणि मगच त्याचे खंडन करून सिद्धान्त सांगावयाचा, अशी रीत आहे. न्यायशास्त्राने तर चर्चेचे तीन प्रकार सांगितले: सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे मोडण्यासाठी ती वितंडा. आज जल्प व वितंडा यांचा सुकाळ आहे तो कॉलेजांत वाद शिकविला जात नाही म्हणूनच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विद्यार्थ्यांस मोकळीक दिली की मारामाऱ्या होतात, असे म्हणतात; आणि १९८९ साली मुंबईत कॉलेज-निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी पुढाऱ्याचा खून झाला, ही गोष्ट खरी आहे. पुढे १९९४ च्या कायद्याने महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने ती वाट पुन्हा मोकळी केली. परंतु २०१९ साली ठरलेल्या निवडणुका विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकलण्यात आल्या. अठराव्या वर्षी ज्यास देशाचा कारभारी निवडता येतो, त्यास आपल्या कॉलेजचा प्रतिनिधी निवडता येऊ नये, हे कोणते तर्कशास्त्र? बाजारात चोरी झाली तर आपण पहारा वाढवितो. बाजार कायमचा बंद करीत नाही.

उपाय अवघड नाहीत. पहिला: शिक्षा वर्तनास करावी, मतास नव्हे. ज्याने दगड उचलला त्यास अवश्य काढा; ज्याने प्रश्न विचारला त्यास नव्हे. दुसरा: प्रत्येक कॉलेजात महिन्यास एक वादसभा भरवावी, आणि कोणी कोणती बाजू मांडावयाची हे चिठ्ठी टाकून ठरवावे, म्हणजे न पटणारी बाजूही एकदा मनापासून समजून घ्यावी लागेल. तिसरा: एखाद्या व्याख्यानास परवानगी नाकारली तर प्रिन्सिपॉलांनी कारण लेखी द्यावे. आणि चौथा: धमकी आली तर व्याख्यान रद्द न करता धमकी देणाऱ्यावर फिर्याद करावी. घटनेच्या १९ व्या कलमाने भाषणस्वातंत्र्य दिले व त्यावर वाजवी निर्बंधही सांगितले. परंतु ते निर्बंध कायद्याने घालावयाचे आहेत, दारावर जमलेल्या घोळक्याने नव्हे.

न्यायालयात प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल दिला तर तो वरच्या कोर्टात टिकत नाही. राष्ट्राच्या निकालांवर मात्र अपील नसते. त्यांची किंमत पुढच्या पिढ्या भरतात. म्हणून कॉलेजांच्या चालकांनी व मुलांच्या पालकांनी एकदा ठरवावे, की आपणांस हवे आहे ते विद्यामंदिर की मौनमंदिर?