चुकीवरील पांघरूण

जबलपूरच्या कांचघर भागात आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांची पत्नी शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातच वारली. पुढे कित्येक महिने ते मला एकच सांगत, "अहो, मला कोणाला शिक्षा करवायची नाही. तिचे काय झाले, एवढेच कोणीतरी सांगावे." त्यांच्या हाती पडले होते ते फक्त दोन ओळींचे प्रमाणपत्र.

मनुष्य चुकतो, वैद्यही मनुष्यच आहे. कायदा त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करीत नाही, वाजवी कौशल्याची आणि काळजीची करतो. परंतु चूक होणे वेगळे आणि ती झाकणे वेगळे. झाकण्याने काय होते, हे महाराष्ट्रातील एका जुन्या खटल्यावरून स्पष्ट होते.

मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला ९ मे रोजी पुण्यास आणले. सायंकाळी पायाला प्लास्टर घालून त्याला शस्त्रक्रियागृहाबाहेर आणण्यात आले, आणि रात्री नऊ वाजता तो मरण पावला. मेदकणांनी रक्तवाहिनी बंद पडून मृत्यू आला, असे शल्यचिकित्सकाने प्रमाणपत्रात लिहिले. वडिलांना ते पटले नाही. ते न्यायालयात गेले. पुराव्यावरून निष्पन्न झाले ते असे की, भूल न देता तीन मदतनिसांकडून पाय जोराने ओढवला गेला होता, त्या आघाताने मुलगा दगावला होता आणि मेदकणांचे कारण हे केवळ त्यावर घातलेले पांघरूण होते. तीन हजार रुपयांची भरपाई मिळाली. 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, तो २ मे १९६८ रोजी. पित्याला सत्य कळावयास पंधरा वर्षे लागली!

मग वैद्य गप्प का राहतात? खटल्याचे भय असते, लौकिकाची चिंता असते. आणि संतप्त नातेवाइकांकडून मारहाण होते, हेही खोटे नाही. तथापि मौनाने संशय वाढतो, संशयाने संताप वाढतो. शिवाय लपविलेल्या चुकीपासून कोणी काही शिकत नाही, आणि तीच चूक पुढच्या रुग्णाच्या वाट्याला येते.

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयातील हेळसांडीची चौकशी झाली. तिचा अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर, २०१४ पासून तेथे कायद्यानेच असे बंधन घातले की, रुग्णास गंभीर इजा झाली तर संस्थेने आपण होऊन ती सांगावी व क्षमा मागावी. क्षमा मागणे म्हणजे दायित्वाची कबुली नव्हे, हे तेथील २००६ च्या कायद्याने आधीच स्पष्ट केले होते. त्यामुळे क्षमेच्या शब्दाचे भय उरले नाही.

आपल्याकडे आपण होऊन सांगण्याचे असे स्वतंत्र बंधन नाही; मागण्याचा अधिकार मात्र आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावे लागतात, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यावे लागतात. माझे आयुष्य सरकारी कागदांत गेले. त्या अनुभवावरून सांगतो, मागणी लेखी करावी, तीवर तारीख घालावी आणि पोच घ्यावी.

आमच्या शेजाऱ्यांनी अखेर तसाच अर्ज केला. कागद आले, आम्ही दोघांनी ते एका जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले. चूक कोणाचीच नव्हती. पहाटेपर्यंत वैद्यांनी शर्थ केली होती. ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "मग हे त्यांनी मला तेव्हाच का नाही सांगितले?"