नवरोज ठरवणारी दुपार

इराणमधली शाळा, बँक, कचेरी, जन्मदाखला, सगळीकडे तारीख पडते ती हिजरी शम्सी कालगणनेची. तिची वर्षसंख्या इसवी सन ६२२ मधल्या हिजरतीपासून, म्हणजे पैगंबरांच्या मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतरापासून मोजतात, पण वर्ष चांद्र नाही, सौर आहे. म्हणून रमजान-मोहरमच्या हिजरी सनाशी तिचा आकडा जुळत नाही. आजचे रूप तिला ३१ मार्च १९२५ रोजी इराणच्या मजलिसने केलेल्या कायद्याने आले. मूळ मात्र बरेच जुने. १०७९ मध्ये सेल्जुक सुलतान मलिकशाहच्या कारकिर्दीत सुरू झालेल्या जलाली पंचांगात वर्षारंभ वसंतसंपाताला बांधला गेला होता आणि त्या कामातल्या ज्योतिर्विदांत उमर खय्याम होता. या परंपरेचे खरे बळ एका गोष्टीत आहे: वर्ष केव्हा सुरू होईल हे तिथे गणिताचे ठरीव सूत्र सांगत नाही, सूर्य सांगतो. तारखा रूपांतरित करणाऱ्याने हे मनात पक्के धरले नाही, तर त्याचे उत्तर केव्हातरी एका दिवसाने हुकतेच.

महिन्यांची रचना पाहिली तरी हे दिसते. फर्वर्दीनपासून शहरीवरपर्यंतचे पहिले सहा महिने ३१ दिवसांचे, मेहर ते बहमन हे पाच ३० दिवसांचे आणि शेवटचा एस्फंद २९ दिवसांचा, लीप वर्षी ३० चा. ही विभागणी मनमानी नाही. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि तेव्हा तिची गती मंदावते. त्यामुळे वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात आणि उरलेला अर्धा प्रवास १७९ दिवसांत उरकतो. सहा गुणिले एकतीस म्हणजे नेमके १८६. आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतही वैशाख ते भाद्रपद हे महिने ३१ दिवसांचे आहेत, त्यामागे हेच कारण आहे. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून ती लागू झाली. फरक इतकाच, की आपण लीप वर्ष ग्रेगोरियन नियमाला जोडले. १ चैत्र म्हणून २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला, ठरलेलाच. सोय झाली, पण आकाशाशी थेट नाते सुटले.

इराणचा नियम असा: तेहरानच्या प्रमाणवेळेचे जे रेखावृत्त आहे, साडेबावन्न अंश पूर्व, तिथल्या माध्यान्हाच्या आत संपात झाला तर तोच दिवस १ फर्वर्दीन, माध्यान्ह टळून झाला तर दुसरा दिवस. २०२४ मध्ये तेहरानच्या घड्याळात सकाळी ६ वाजून ३६ मिनिटांनी संपात झाला, म्हणून २० मार्चलाच नवरोज, म्हणजे वर्षाचा पहिला दिवस, आला आणि १४०३ साल लागले. पुढच्या वर्षी, २० मार्च २०२५ रोजी, संपाताची वेळ होती दुपारी १२ वाजून ३१ मिनिटे. माध्यान्ह जेमतेम टळले होते. तेवढ्यावरून नवरोज २१ मार्चला गेला आणि १४०३ साल ३६६ दिवसांचे झाले. सुमारे अर्ध्या तासाने साऱ्या देशाच्या वर्षाला एक दिवस जोडला.

रूपांतराची रीत यातूनच निघते. नवरोजनंतरची तारीख असेल तर इसवी सनातून ६२१ वजा करायचे, आधीची असेल तर ६२२. मग त्या वर्षीच्या नवरोजपासून दिवस मोजायचे. ११ फेब्रुवारी १९७९ घ्या. नवरोज यायचा होता, म्हणून वर्ष १३५७. २१ मार्च १९७८ पासून हा ३२८ वा दिवस. पहिल्या सहा महिन्यांचे १८६ आणि पुढच्या चारांचे १२० गेले, उरले २२. अकरावा महिना बहमन. इराणच्या क्रांतीचा दिवस म्हणून २२ बहमन ओळखला जातो तो हाच. आता १५ ऑगस्ट १९४७. नवरोज २१ मार्चचा धरला तर २४ मोर्दाद येते. पण त्या वर्षी संपात दुपारी पावणेतीनच्या सुमारास झाला होता आणि नवरोज २२ मार्चला होता. बरोबर तारीख २३ मोर्दाद १३२६. वर्ष, महिना बरोबर येऊन दिवस चुकतो तो इथे, आणि ही चूक पटकन लक्षातही येत नाही.

यावर आक्षेप असा, की संगणकाला सूत्र लागते, दरवर्षी आकाशाकडे पाहत कोण बसणार? आक्षेप रास्त आहे. पण संपाताची वेळ खगोलगणिताने पुढच्या अनेक दशकांसाठी मिनिटापर्यंत आधीच काढता येते. अडचण येते ती संपात माध्यान्हाला अगदी खेटून येतो तेव्हाच. शिवाय ३३ वर्षांत ८ लीप वर्षांचे चक्र आपल्या काळापुरते उत्तम चालते. वर्षाला ३३ ने भागून बाकी १, ५, ९, १३, १७, २२, २६ किंवा ३० उरली की लीप. १४०३ ची बाकी १७ येते, १४०८ ची २२. म्हणजे एरवी चार वर्षांनी येणारे लीप वर्ष इथे पाच वर्षांनी येते. अहमद बिरश्क यांच्या नावाने ओळखले जाणारे २८२० वर्षांचे चक्र दिसायला अधिक भव्य, पण ते १४०३ ऐवजी १४०४ ला लीप ठरवते. सूत्र वापरावे, पण त्याची परीक्षा संपाताने घ्यावी, उलट नव्हे.

दुसरा आक्षेप ग्रेगोरियन पंचांगाच्या बाजूचा: त्याचेही सरासरी वर्ष ३६५.२४२५ दिवसांचे, मग इराणने अधिक काय साधले? सरासरी चांगलीच आहे. पण लीप दिवस चार चार वर्षांनी पडत असल्याने आणि शतकी वर्षे गाळल्याने तिथे संपात दोन दिवसांहून अधिक मागेपुढे होतो. १९०३ मध्ये तो २१ मार्चला होता, २०९६ मध्ये १९ मार्चला येईल. इराणी पंचांगात तो वर्षारंभाच्या आदल्या माध्यान्हापासून त्या दिवसाच्या माध्यान्हापर्यंतच्या चोवीस तासांबाहेर कधीच जात नाही.

जुनी कागदपत्रे वाचणाऱ्याने आणखी एक जपावे. १९७६ मध्ये शाहच्या राजवटीने हिजरत सोडून सम्राट सायरसच्या काळापासून वर्षे मोजायला सुरुवात केली आणि १३५५ चे २५३५ झाले. १९७८ मध्ये लोकक्षोभापुढे सरकारने तो बदल मागे घेतला. त्या दरम्यानच्या पासपोर्टवर, पुस्तकांवर, खरेदीखतांवर २५३५ ते २५३७ हे आकडे सापडतात. त्यातून ११८० वजा केले की नेहमीचे वर्ष मिळते. महिना आणि दिवस तसेच ठेवायचे, कारण त्या तिन्ही वर्षी नवरोज संपाताप्रमाणेच झाला होता.